गेज शून्यावर, म्हणून दाब नाही?

कारखान्यात नळीची जोडणी सोडवताना पहिला प्रश्न ज्ञानाचा येतो, पाना नंतर. गेज शून्यावर आहे, म्हणून दाब नाही, हे आपलं अनुमान. पण गेजचा काटाच अडकला असेल तर? म्हणून आधी व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावायचं, व्हेंट उघडायचा, आतला दाब सुरक्षित जागी सोडायचा. नट ढिला करून दाब कधीच सोडायचा नाही. त्यात कामगाराचा डोळा जाऊ शकतो.

मग नट आणि बॉडीवर मिळून एक रेघ ओढायची. ती कशाला? दोन फेरूलची जोडणी घ्या. नळीला पकडणाऱ्या या कड्या. पाव ते एक इंची नळीला पहिल्यांदा हातानं घट्ट केलेल्या नटाला पान्यानं सव्वा फेरा देतात. तेव्हा फेरूल नळीवर कायमचे बसतात. पुन्हा जोडताना तो सव्वा फेरा नाही! फेरूल टेकेपर्यंत नळी आत सारायची, दुसऱ्या पान्यानं बॉडी धरायची, रेघ जुळेपर्यंत नट फिरवायचा. तिथं हाताला विरोध जाणवतो. मग किंचितच आवळायचं. शेवटी गळती तपासायची.

किती आवळलं होतं, हे आपला हात विसरतो. रेघ विसरत नाही.