मध्यम खर्चातील गेमिंग संगणकाची जुळणी (नागपूर)

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट हे सुटे भाग स्वतंत्रपणे निवडून संगणकीय खेळांसाठी तयार केलेल्या संगणकास जुळणी केलेला गेमिंग संगणक म्हणतात. बाजारात 'असेंबल्ड पीसी' हे नाव रूढ आहे. मॉनिटर वगळून साधारणतः ६० हजार ते १ लाख रुपयांच्या जुळणीस भारतात मध्यम खर्चाची जुळणी समजले जाते. नागपूरमध्ये मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो. त्यामुळे भागांची यादी मुंबई-पुण्यासारखीच असली, तरी खर्चाची वाटणी तशीच ठेवून चालत नाही.

खर्चाची वाटणी

एकूण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३५ ते ४५ टक्के, ग्राफिक्स कार्डाकडे जातो. आधी मॉनिटरचे रिझोल्यूशन ठरवावे, मग कार्ड आणि त्यानंतर प्रोसेसर, हा क्रम सोयीचा आहे. १०८० पी रिझोल्यूशनसाठी ८ जीबी स्मृतीचे कार्ड आणि सहा गाभ्यांचा प्रोसेसर ही या गटातील नेहमीची जोडी होय. उदाहरणार्थ, एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० आणि एएमडीचा रायझन ५ ७६००. मदरबोर्ड निवडताना सॉकेट पाहणे महत्त्वाचे असते. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटवर पुढे केवळ प्रोसेसर बदलता येतो. मात्र त्यावर डीडीआर५ रॅमच चालते. रॅमच्या किमती स्थिर नसतात. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्याने त्या झपाट्याने चढल्या आणि जुनी अंदाजपत्रके निरुपयोगी झाली.

पैसे कमी पडले की बहुतेक जण कॅबिनेट, हीटसिंक आणि एसएमपीएस यांवर काटछाट करतात. नागपुरात नेमकी हीच काटछाट महागात पडते.

उन्हाळा आणि थंडावा

पंखा व हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. ते दोहोंमधील फरक केवळ मर्यादेत ठेवतात. एखाद्या भारावर हा फरक ५० अंशांचा असेल, तर २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ अंशांवर राहतो आणि ४२ अंशांच्या खोलीत ९२ अंशांवर जातो. रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंश आहे. ती गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि खेळ अडखळू लागतो. अशा वेळी अधिक महाग कार्ड घेऊन काही साधत नाही. पुढच्या बाजूस जाळी आणि किमान दोन-तीन पंखे असलेले कॅबिनेट, तसेच प्रोसेसरसोबत मिळणाऱ्या छोट्या हीटसिंकऐवजी मोठा मनोऱ्यासारखा हीटसिंक, हा खर्च येथे अधिक उपयोगी ठरतो. उन्हाळ्यापुरती फ्रेमची संख्या सेकंदाला ६० वर बांधून ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

संगणक ओढतो ती जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेच्याच रूपाने खोलीत येते. २५० वॅट ओढणारा संगणक म्हणजे ६० वॅटचे चार जुने दिवे बंद खोलीत सतत जळत ठेवण्यासारखे आहे.

विदर्भात घरोघरी वापरला जाणारा डेझर्ट कूलर कोरड्या हवेत खोलीचे तापमान बरेच उतरवतो आणि संगणकासही त्याचा लाभ होतो. दमट हवेने आतील भागांवर पाणी धरेल ही भीती मात्र सहसा अनाठायी असते. चालू संगणकाचे भाग हवेपेक्षा गरम असल्याने त्यांवर दव जमत नाही. खरा धोका कूलरमधून उडणाऱ्या तुषारांचा आहे. पाण्यातील क्षार त्यांच्याबरोबर आत शिरतात. म्हणून कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये. पावसाळ्यात हवा आधीच ओलसर असल्याने कूलरचा हा लाभ फारसा उरत नाही.

वीजपुरवठा

वर उल्लेखिलेल्या जोडीस खेळताना सुमारे २५० वॅट लागतात. त्यामुळे ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरतो. '८० प्लस' हे प्रमाणपत्र कार्यक्षमतेचे असते आणि त्याची चाचणी सुमारे २३ अंश तापमानात होते. छापील वॅट ४० अंशांवर मिळतात की ५० अंशांवर, हे उत्पादकाच्या तपशिलात वेगळे पाहावे लागते. कॅबिनेटसोबत येणारा स्वस्त एसएमपीएस ग्राफिक्स कार्डासाठी वापरणे टाळावे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारणतः ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो, म्हणजे वीज गेल्यावर खेळ जतन करून संगणक बंद करण्यापुरता.

अर्थिंग नसलेल्या घरात एसएमपीएसमधील फिल्टरमुळे कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. उन्हाळ्यात माती सुकली की असलेले अर्थिंगही कमकुवत होते. म्हणून त्या खड्ड्यात पाणी घालण्याची पद्धत आहे.

खरेदी आणि चाचणी

सुटे भाग सीताबर्डी परिसरातील दुकानांतून, ऑनलाइन किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) घेता येतात. बहुतेक भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. बिलाशिवाय मिळणारी सूट आकर्षक दिसते; परंतु हमी प्रत्येक भागावर स्वतंत्र असते आणि तिच्यासाठी अनुक्रमांकासह बिल लागते. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डांवर ही हमी बहुधा तीन वर्षांची असते.

अनेक जुळण्या दिवाळीच्या सवलतींत होतात आणि त्यांची चाचणीही हिवाळ्यातच होते. डिसेंबरात पूर्ण भारावर ८० अंश दाखवणारा प्रोसेसर सुरक्षित वाटतो. मे महिन्यात वातानुकूलनाविना खोली १५ अंशांनी अधिक तापली, तर तोच ९५ अंशांवर पोहोचतो. त्यामुळे हिवाळी चाचणीच्या आकड्यात १५ मिळवून मगच हीटसिंक पुरेसा आहे की नाही हे ठरवावे.