स्त्रियांचा आवाज आणि संप्रेरके

आवाज बसला की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमध आणि दोन दिवस मौन, हा आपल्या घरोघरचा उपचार. सर्दी-पडशाने बसलेला आवाज बहुधा आठ-दहा दिवसांत पूर्ववत होतोही. परंतु काही भगिनींचा आवाज महिनोन्महिने घोगरा व जड राहतो. अशा वेळी कित्येकदा दोष घशाचा नसून शरीरातील संप्रेरकांच्या असमतोलाचा असतो. ही बाब रुग्ण व कुटुंबीय यांच्या वेळीच ध्यानात यावी, यासाठी हे विवेचन करीत आहोत.

आवाज कसा निर्माण होतो?
फुप्फुसांतून येणाऱ्या हवेमुळे स्वरयंत्रातील दोन स्वरतंतू कंप पावतात. बोलताना प्रौढ स्त्रीचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा, तर पुरुषाचे सुमारे १२० वेळा कंप पावतात. तंतू जाड वा जड झाले की कंपने मंदावतात आणि स्वर खाली उतरतो.

थायरॉईडची कमतरता
गळ्याच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या लगतच खाली, फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. तिचा स्राव कमी पडल्यास स्वरतंतूंच्या आवरणाखाली पाणी धरून ठेवणारे द्रव्य साचते व तंतू सुजतात. आवाज जाड होतो, बोलताना लवकर थकवा येतो. जोडीला सुस्ती, वजनवाढ, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, पाळीतील अनियमितता ही लक्षणे दिसतात. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो. तरीही ‘वय झाले, असे व्हायचेच’ म्हणून तो अंगावर काढला जातो. वस्तुतः टीएसएच या साध्या रक्ततपासणीने निदान होते व गोळीने आवाजही बहुधा हळूहळू सुधारतो. गोळी सकाळी उपाशीपोटी, चहापूर्वी किमान अर्धा तास घ्यावी. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात.

स्वरतंतूंना चालना देणारी नस या ग्रंथीच्या मागून जाते. त्यामुळे गळ्यावर गाठ असून आवाज बदलला असल्यास तपासणी लांबवू नये.

पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य
स्त्रीच्या शरीरातही पुरुषी संप्रेरके अल्प प्रमाणात असतात. ती फार वाढल्यास मुलांचा आवाज फुटतो त्याच रीतीने स्वरतंतू जाड होतात. हा बदल बहुधा कायमचा राहतो, म्हणून येथे विलंब महागात पडतो. शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टेरॉईडची इंजेक्शने, गर्भाशयाच्या अस्तराच्या विकारावर दिले जाणारे डॅनॅझोल यांसारखे औषध, तसेच बीजकोष वा अधिवृक्क ग्रंथीतील गाठ ही त्याची कारणे होत. पीसीओएसमध्ये आवाज ठळकपणे बदलणे विरळाच. म्हणून काही महिन्यांत आवाज पुरुषी होऊन चेहऱ्यावर झपाट्याने केस वाढू लागल्यास गाठीची शक्यता तपासलीच पाहिजे.

रजोनिवृत्तीनंतर
इस्ट्रोजेन घटल्याने घसा कोरडा पडतो व स्वर थोडा उतरतो. हा आजार नव्हे. पुरेसे पाणी, ओरडून बोलणे टाळणे आणि वाचा-उपचारतज्ज्ञांनी शिकविलेले व्यायाम यांचा चांगला उपयोग होतो.

केव्हा दाखवावे?
आवाजातील बदल तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावे. तंबाखू वा मिश्रीची सवय असणाऱ्यांनी तर मुळीच चालढकल करू नये. कारण अशा घोगरेपणामागे कर्करोगही असू शकतो.

शिक्षिका, कीर्तनकार, बाजारात ओरडून भाजी विकणारी माउली, या सर्वांची उपजीविका आवाजावरच चालते. थायरॉईडची गोळी बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते आणि पैशांअभावी ती मध्येच थांबली, तर आजार पुन्हा डोके वर काढतो. देणगीदारांनी तपासणी व औषधांसाठी दिलेला प्रत्येक रुपया म्हणूनच एखाद्या घराचा आवाज राखतो, असे आम्ही मानतो. कुटुंबीयांना आमची एवढीच विनंती, की घरातील स्त्रीचा आवाज बदललेला जाणवला, तर ती स्वतः सांगेपर्यंत थांबू नका.