उसन्या मजकुराची मोजदाद
प्रबंधात श्रेय न देता घेतलेल्या मजकुरासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली शिक्षा ठरवल्या. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत वर्षभर तो सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे व संदर्भसूची या साम्यात धरत नाहीत. तपासणीचे सॉफ्टवेअर मुख्यतः शब्दांचे साम्य पकडते. वाक्ये फिरवून उचललेली कल्पना अनेकदा निसटते. चोरी मात्र तीही असते, म्हणून स्वतःच्या शब्दांत मांडलेल्या परक्या मुद्द्यालाही संदर्भ लागतो. बरीचशी गफलत टिपणे काढतानाच होते: उतरवलेले वाक्य आणि स्वतःचा विचार वहीत शेजारीशेजारी, पुस्तकाचे नाव आणि पान क्रमांक मात्र कुठेच नाही.