तापसिलोग : एका शब्दाचे पृथक्करण

विद्यार्थिमित्रांनो, संयुगाचे पृथक्करण करून त्यातील घटक ओळखणे तुम्हांला ठाऊक आहे. शब्दाचेही असे पृथक्करण करता येते. फिलिपीन्समधील टागालोग भाषेतला, रोजच्या बोलण्यातला एक शब्द घेऊ : 'तापसिलोग'. तेथील खाणावळींत तो सर्रास ऐकू येतो. १९८० च्या दशकात मनिलाजवळच्या मारिकिना शहरात तो रूढ झाला, असे सांगतात.

'ताप' म्हणजे तापा, मुरवून तळलेले मांसाचे पातळ काप. 'सि' म्हणजे सिनांगाग, लसूण घालून परतलेला भात. 'लोग' म्हणजे इतलोग, अंडे. तिन्ही मिळून एक न्याहारी!

कोणी म्हणेल, ही तर भाषेची मोडतोड. पण नियम खरा असेल, तर त्यावरून भाकीत करता आले पाहिजे. तापाऐवजी लोंगानीसा हे सॉसेज वाढले तर? लोंगसिलोग. बांगूस मासा वाढला तर? बांगसिलोग. आणि हॉटडॉग? बरोबर, हॉटसिलोग! हे सर्व शब्द तेथे खरोखरच प्रचारात आहेत. कॉपर सल्फेट, झिंक सल्फेट यांत सल्फेट हे मूलक जसे कायम राहते, तसाच येथे 'सिलोग'.

आता 'सि' बारकाईने पाहू. मूळ धातू 'सांगाग', म्हणजे भात परतणे. आपण 'परत' पुढे '-लेला' लावतो. टागालोगमध्ये मात्र 'इन्' हा प्रत्यय धातूच्या पोटात शिरतो : स् + इन् + आंगाग. म्हणजे इवल्याशा 'सि'मधला 'स्' धातूचा आणि 'इ' प्रत्ययाचा!

'लोग'ची गोष्ट त्याहून जुनी. अंड्याला मलाय भाषेत 'तेलूर' म्हणतात. इतलोग आणि तेलूर यांत साम्य ते काय? पण आणखी जोड्या पाहा. तांदूळ : टागालोग 'बिगास', मलाय 'बेरास'. शीर : टागालोग 'उगात', मलाय 'उरात'. एकीकडे 'ग', तर दुसरीकडे त्याच जागी 'र'. एखादी जोडी योगायोगाने जुळेल. पण अशा जोड्या नियमाने आढळू लागल्या, की दोन्ही भाषांची पूर्वज भाषा एकच, असा निष्कर्ष निघतो. ती भाषा हजारो वर्षांपूर्वीची आहे. काल-परवाच्या शब्दात तिचा अंश टिकून राहिला आहे!

तेव्हा मित्रांनो, वर्गात एखादा नवा शब्द कानी पडला, तर 'अशुद्ध' म्हणून तो लगेच टाकून देऊ नका. वहीत लिहा, त्याचे तुकडे पाडा, नियम मांडा. मग त्या नियमाने पुढचा शब्द ओळखता येतो का, तेही पाहा.