शरदातील जलस्थिती आणि माशीचा गळ : नाशिक परिसरातील प्रवाह व जलाशय

पिसे व दोरा यांची कृत्रिम माशी गळाला बांधून मासे धरण्याचे तंत्र युरोपातील थंड पाण्याच्या ओढ्यांवर वाढले, आणि त्यावरील बहुतेक ग्रंथांतील ऋतुविचारही त्याच पाण्याला अनुसरून केलेला आहे. तेथे शरद म्हणजे पाणी निवण्याचा काळ. पाणी निवले की त्यात विरघळणारा प्राणवायू वाढतो आणि उन्हाळ्यात मंदावलेला ट्राउट पुन्हा भक्ष्य शोधू लागतो. हा नियम नाशिकच्या पाण्यास जसाच्या तसा लावता येत नाही. येथे पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पूर्वार्धात ओसरतो व ढगांचे आच्छादन गेल्याने दुपारचे तापमान ऑगस्टपेक्षा चढते. रात्री तेवढ्या थंडावू लागतात. आश्विनातील गोदावरीचे वैशिष्ट्य निवणे हे नव्हे, निवळणे हे होय.

माशीच्या गळाला या निवळण्याचे महत्त्व का, हे सहज ध्यानात येईल. कृत्रिम माशीला वास नाही, चव नाही; ती केवळ दिसते. पुराच्या गढूळ पाण्यात मासा वासाने व मिशांच्या स्पर्शाने अन्न शोधतो, म्हणून तेथे गांडूळ किंवा कणकेची गोळी चालते आणि माशी व्यर्थ ठरते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोदाचे जे सविस्तर वर्णन केले आहे, त्यातही भर आमिषावर आहे, हे या दृष्टीने अर्थपूर्ण वाटते.

निवळण्याची क्रिया सर्वत्र एकाच वेळी होत नाही. त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीच्या परिसरातील ओढ्यांचे पात्र खडकाळ आणि माती पातळ. तेथे पाऊस थांबताच पाणी लवकर स्वच्छ होते. खाली निफाडकडील काळ्या जमिनीतून येणारी चिकणमाती इतकी सूक्ष्म असते की ती दीर्घकाळ तरंगत राहते. म्हणजे स्वच्छतेची सीमा उगमाकडून खाली सरकत जाते. परंतु बेसाल्ट खडकाची पाणी साठविण्याची शक्ती बेताची असल्यामुळे वरचे ओढे तितक्याच लवकर आटून डोहांपुरते उरतात. खाली पाणी निवळेपर्यंत वर ते संपत आलेले असते. मासेमारीस अनुकूल काळ त्यामुळे अल्प राहतो.

दख्खनच्या नद्यांतील महाशीर माशाचे वर्णन साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून केले व त्यास स्थानिक नावावरून ‘खुद्री’ हे जातिनाम दिले. हा मासा पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालतो आणि पाणी उतरू लागताच खोल डोहांकडे परततो. ट्राउटप्रमाणे तो केवळ कीटकांवर लक्ष ठेवीत नाही. खेकडे, लहान मासे, काठावरून पडलेली फळे, सर्व त्यास चालते. त्यामुळे त्याच्यासाठी लहान माशाचा भास देणारी मोठी माशी योग्य. पृष्ठभागावर चरणाऱ्या आळकुटासाठी मात्र अगदी बारीक माशी पुरते.

दारणा (१९१६) व गंगापूर यांसारख्या जलाशयांचा प्रश्न निराळा आहे. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांस सुमारे ७.६; नाशिकच्या उंचीवर त्याहूनही थोडा कमी. शिवाय उष्ण पाण्याची घनता तापमानाबरोबर अधिक वेगाने बदलते. २९ व ३० अंशांच्या थरांतील घनताभेद ९ व १० अंशांच्या थरांतील भेदाच्या तिपटीहून अधिक असतो. म्हणून किरकोळ तापमानभेदानेही येथे थर टिकतात व तळाशी प्राणवायू खालावतो. कार्तिकानंतर रात्री पुरेशा थंड झाल्या की वरचे पाणी जड होऊन खाली जाते आणि थर मोडतात. या मिश्रणाच्या काळात मासे काही दिवस आमिषाकडे फिरकेनासे होऊ शकतात; वाऱ्याने लाटा आदळणारा काठ त्या वेळी अधिक भरवशाचा.

धरणांमुळे शरदाच्या या क्रमात आणखी एक घटक शिरला आहे. २००५ च्या कायद्याने आलेल्या समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार, १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीतील साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उपस्थित होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये असे पाणी सोडण्यात आले. पाणीवाटपाचा वाद येथे प्रस्तुत नाही. एवढे मात्र खरे की, डोह नुकते निवळून मासे त्यांत स्थिरावलेले असतात, तोच असा विसर्ग आला तर तळाचा गाळ उचलला जाऊन पाणी पुन्हा गढूळ होते, आणि विसर्ग थांबताच उथळ कडेला आलेली पिले कोरड्यावर अडकण्याचा धोका असतो. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मध्यमेश्वर हा जलाशय या मार्गावरच आहे. २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेले ते पक्षी अभयारण्य असल्याने तेथे गळ टाकण्याचा विचारच नको.