'बिनतारी', 'चल' आणि 'मार्फत'

इंदूरमध्ये अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला मी 'मोबाइल अँड वायरलेस कंप्युटिंग' हा विषय शिकवतो. पुस्तके इंग्रजी, वर्गातली चर्चा हिंदी, आणि काही विद्यार्थ्यांच्या घरची भाषा मराठी. व्याख्या सर्वांना पाठ असतात, प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. ही कोंडी फोडायला मला तीन साधे मराठी शब्द उपयोगी पडले.

विषयाच्या नावात दोन वेगळे गुण आहेत. घराच्या कोपऱ्यात वाय-फायवर चालणारा संगणक बिनतारी आहे, पण चल नाही. लॅपटॉप घेऊन गावोगाव फिरणारा आणि प्रत्येक मुक्कामी केबल जोडणारा माणूस चल आहे, पण बिनतारी नाही. मोबाइल फोनमध्ये दोन्ही गुण एकत्र येतात. म्हणून 'मोबाइल' म्हणजे केवळ 'भ्रमणध्वनी' समजले, तर इथे गल्लत होते.

बिनतारी असण्याची अडचण अशी, की हवा सर्वांची सामाईक. टेकडीच्या दोन बाजूंना दोन यंत्रे आणि माथ्यावर तिसरे आहे असे समजा. पायथ्याच्या यंत्रांना एकमेकांचे ऐकू येत नाही. दोघांनाही हवा मोकळी वाटते, दोघेही एकदम बोलतात आणि माथ्यावर नुसता गोंधळ पोचतो. उपाय असा: आधी 'बोलू का?' असे विचारायचे. माथ्यावरून आलेले 'बोल' हे उत्तर दुसऱ्या बाजूलाही ऐकू जाते आणि ते यंत्र थांबते. वाय-फायच्या १९९७च्या मूळ मानकातच ही सोय आहे.

चल असण्याची अडचण निराळी. इंटरनेटवरचा पत्ता 'कोण' आणि 'कुठे' ही दोन्ही उत्तरे एकदम देतो. यंत्र दुसऱ्या जाळ्यात गेले की जुन्या पत्त्यावर माहिती पोचत नाही, आणि पत्ता बदलला तर चालू संवाद तुटतो. १९९६ साली 'मोबाइल आयपी'ची योजना मांडली गेली. तिच्यात मूळ पत्ता कायम राहतो, नव्या ठिकाणी 'केअर-ऑफ ॲड्रेस' मिळतो. पाकिटावर आपण 'मार्फत' लिहितो, तोच हा पत्ता. मूळ जाळ्यातला प्रतिनिधी आलेले पाकीट दुसऱ्या पाकिटात घालतो आणि त्यावर मार्फतचा पत्ता लिहून पुढे धाडतो.

'मार्फत' म्हणताच वर्गात प्रश्न येतो, "सर, पाठवणारा शेजारीच बसला असेल, तरी पाकीट मूळ गावाला जाऊनच येणार का?" मूळ योजनेत तसेच होते. हा वळसा टाळण्यासाठी पुढे बरेच संशोधन झाले. व्याख्या पाठ करणाऱ्याला ही त्रुटी सहसा दिसत नाही.

परीक्षा इंग्रजीत आहे, तेव्हा संज्ञा इंग्रजीच राहू द्याव्यात. पण परिभाषा घडवताना नवे जोडशब्द बनवण्याआधी टपाल, बाजार आणि घर यांतले शब्द एकदा चाचपून पाहावेत, ही माझी शिक्षक आणि कोशकारांना विनंती आहे. विद्यार्थ्याला अर्थ कळला की पुढचा प्रश्न तो आपणहून विचारतो.