दोष जातीचा, की साखळी धरणाऱ्याचा?

जुलै २०२२ मध्ये लखनौत एका वृद्धेचा तिच्याच घरातल्या पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यातील हणजूण येथे एक लहान मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात दगावला. अशी बातमी आली की पुढचे आठ दिवस काय होणार हे ठरलेले असते. एक बाजू म्हणते, ही जातच घातकी, सरसकट बंदी घाला. दुसरी म्हणते, कुत्रा कधीच वाईट नसतो, वाईट असतो तो मालक. आवाज चढतात, नवव्या दिवशी विषय विरतो आणि शेजारच्या इमारतीतला तोच कुत्रा त्याच सैल पट्ट्याने फिरायला निघतो.

हा वाद भावनेचा वाटला तरी त्यातले मुख्य प्रश्न तपासून पाहता येण्याजोगे आहेत. कुत्र्याचा स्वभाव जातीवरून कितपत सांगता येतो? ‘बुल’ घराण्यातला कुत्रा अधिक वेळा चावतो, की चावला तर अधिक इजा करतो? आणि ज्या देशांनी जातीवर बंदी घातली तिथे माणसे खरोखर सुरक्षित झाली का?

बैलाच्या झुंजीतून घरात

आधी एक शब्दाचा गोंधळ दूर करू. बातम्यांत ‘पिटबुल प्रजाती’ असे छापले जाते. प्रत्यक्षात जगातले सगळे पाळीव कुत्रे एकाच प्रजातीचे. पिटबुल, लॅब्रेडॉर, पामेरियन किंवा आपला मुधोळ या माणसाने निवड करून घडवलेल्या जाती आहेत.

बुल घराण्याचा इतिहास मात्र रक्ताळलेला आहे, हे कबूल केले पाहिजे. इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ शतकानुशतके चालला. १८३५ च्या कायद्याने त्यावर बंदी आली. मग शौकिनांनी बुलडॉगचा टेरियरशी संकर करून कुत्र्यांच्या आपसातल्या झुंजीसाठी चपळ, चिवट कुत्रे तयार केले. बुल टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, अमेरिकन पिटबुल टेरियर ही सारी त्याच मुळाची शाखा. गेल्या काही दशकांत अमेरिकेत घडवलेला धिप्पाड ‘एक्सएल बुली’ हा त्यांचा सर्वात नवा भाऊबंद.

या इतिहासाचा एक अर्थ बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हे कुत्रे माणसावर नव्हे, दुसऱ्या कुत्र्यावर तुटून पडण्यासाठी निवडले गेले होते. २००८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी हजारो मालकांकडून प्रश्नावली भरून घेतली. त्यात पिटबुलची आक्रमकता अनोळखी कुत्र्यांच्या बाबतीत ठळक दिसली. माणसांवर धावून जाण्यात डॅशहुंड आणि चिवावा या चिमुकल्या जाती पुढे निघाल्या. पण चिवावा चावल्याची बातमी होत नाही, आणि का होत नाही हे उघड आहे.

जातीवरून स्वभाव कळतो का?

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वागणुकीची माहिती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे डीएनए त्यात तपासले गेले. कुत्र्या-कुत्र्यांमधील स्वभावाच्या फरकापैकी जातीने उलगडणारा भाग सरासरी अवघा ९ टक्के निघाला. सांगितलेले ऐकणे, वस्तू आणून देणे अशा गुणांवर जातीचा ठसा थोडा अधिक होता. एखादा कुत्रा किती लवकर चिडतो, हे मात्र जातीवरून जवळपास सांगताच येत नव्हते.

दुसरी अडचण ओळखण्याची. अमेरिकेतील फ्लोरिडात प्राणी निवाऱ्यांतील अनुभवी कर्मचाऱ्यांना १२० कुत्रे दाखवले गेले. त्यांपैकी ६२ कुत्र्यांना किमान एका कर्मचाऱ्याने पिटबुल वर्गातले म्हटले. डीएनए तपासणीत त्या वर्गाचा वारसा फक्त २५ कुत्र्यांत सापडला. रोज कुत्रे हाताळणाऱ्यांची ही गत, तर तक्रार आल्यावर दारात उभ्या राहणाऱ्या महापालिका कर्मचाऱ्याने रुंद जबडा आणि आखूड केस पाहून काय ठरवावे?

चावा आणि चाव्याची खोली

इथपर्यंत वाचून बुलप्रेमी वाचक सुखावला असेल, तर त्याने पुढचेही वाचावे. चावण्याची शक्यता आणि चाव्यातून होणारी इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पिटबुलचा जबडा ‘लॉक’ होतो ही निव्वळ दंतकथा. त्याच्या जबड्यात असा कोणताही खटका नसतो. पण ताकद, वजन, धरलेले न सोडण्याची चिकाटी आणि डोके झटकत फाडण्याची पद्धत हे सारे खरे आहे. टेक्सासमधील सॅन अँटोनियोच्या एका रुग्णालयाने १५ वर्षांतील २२८ जखमींच्या नोंदी तपासल्या. पिटबुलने जखमी केलेल्यांच्या इजा अधिक गंभीर होत्या आणि मृत्यूचा धोकाही अधिक होता, असे २०११ च्या या अहवालात नोंदवले आहे. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या ज्या २३८ मृत्यूंमध्ये जातीची माहिती मिळाली, त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यूंत पिटबुल वर्गातले कुत्रे आणि रॉटवायलर गुंतलेले होते.

‘माझा पिटबुल बाळासारखा आहे’ हे वाक्य म्हणूनच अपुरे पडते. तो असेलही. पण वर्षातून एकदा पामेरियनचा तोल गेला तर टाके पडतात, पिटबुलचा गेला तर जीव जाऊ शकतो. लहान मुलांना धोका अधिक, कारण त्यांचा चेहरा आणि मान कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतात.

मग असे हल्ले होतात तरी कसे? अमेरिकेत २००० ते २००९ या काळात झालेल्या अशा २५६ मृत्यूंचा पोलीस तपासाच्या कागदपत्रांवरून बारकाईने अभ्यास झाला. ८७ टक्के घटनांत मध्ये पडून सोडवू शकेल असे सशक्त माणूस जवळ नव्हते. ८५ टक्क्यांत बळी पडलेल्या व्यक्तीची कुत्र्याशी ओळखच नव्हती, किंवा अगदी तोंडओळख होती. ८४ टक्के घटनांत कुत्र्याचे निर्बीजीकरण झालेले नव्हते. ७६ टक्के घटनांत तो घरातल्या माणसांत न राहता साखळीला, पिंजऱ्यात किंवा आवारात एकटा ठेवलेला होता. बहुतेक वेळा यांतली चार किंवा अधिक कारणे एकत्र आलेली होती. कुत्र्याची जात खात्रीने सांगता आली ती जेमतेम १८ टक्के घटनांत.

‘राखणीला पिटबुल ठेवलाय, कोणाची हिंमत नाही यायची’ असे म्हणत फार्महाऊसच्या कोपऱ्यात दिवसरात्र बांधून ठेवलेला कुत्रा या यादीतली किती कारणे एकट्याने पूर्ण करतो, हे वाचकांनीच मोजावे.

बंदी घातलेल्यांचा अनुभव

ब्रिटनने १९९१ मध्ये धोकादायक कुत्र्यांविषयीचा कायदा केला आणि पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो व फिला ब्राझिलेरो यांना यादीत टाकले. कायदा वंशावळ पाहत नाही, ‘ठेवण’ पाहतो. म्हणजे मापे जुळली तर संकरित कुत्राही अडकतो. पुढच्या काळात इंग्लंडमध्ये कुत्रा चावल्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटले नाही. १९९८ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ६ असलेले हे प्रमाण २०१८ मध्ये १५ वर गेले. ही वाढ कायद्यामुळे झाली असे नव्हे, पण बंदीने ती रोखलीही नाही.

त्यानंतर एक्सएल बुलींचे जीवघेणे हल्ले वाढले. १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सूट-प्रमाणपत्राशिवाय हा कुत्रा बाळगणे गुन्हा ठरले. प्रमाणपत्रासाठी निर्बीजीकरण, मायक्रोचिप, तिसऱ्या व्यक्तीला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा आणि सार्वजनिक ठिकाणी मुसके व दोरी सक्तीची आहे. इथेही अडचण तीच. नराची खांद्यापर्यंतची उंची किमान ५१ सेंटिमीटर, अशा मापांवर कुत्र्याचे भवितव्य ठरते.

नेदरलँड्सने १९९३ मध्ये आणलेली पिटबुलबंदी चाव्यांवर परिणाम होत नाही म्हणून २००८ मध्ये मागे घेतली. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात १९८९ पासून बंदी होती. २०२० मध्ये मतदारांनीच ती उठवून परवाना पद्धत स्वीकारली.

पण दुसऱ्या बाजूचा पुरावाही आहे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात ज्या भागांत पिटबुलबंदी लागू झाली, तिथे कुत्र्याच्या चाव्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे ३.४७ वरून २.८४ वर आल्याचे २०१३ च्या अभ्यासात दिसले. घट छोटी असली तरी खरी आहे. त्यामुळे ‘बंदीचा काडीचाही उपयोग होत नाही’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. इतकेच म्हणता येते, की बंदीचा परिणाम अनिश्चित आहे, आणि एका जातीवर दार बंद केले की ताकदीची हौस असलेला मालक दुसरी, यादीत नसलेली जात शोधतो. ब्रिटनमध्ये पिटबुलच्या पाठोपाठ एक्सएल बुली आला, तो याच वाटेने.

आपल्याकडचा गोंधळ

केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवले. त्यात पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो यांसह २३ जातींच्या कुत्र्यांना विक्री, प्रजनन व पाळण्याचे परवाने देऊ नयेत आणि आधीपासून घरात असलेल्यांचे निर्बीजीकरण करावे, असे म्हटले होते. यादीतले ‘बॅनडॉग’ हे तर निश्चित अशा जातीचे नावही नाही. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हे पत्रक रद्द ठरवले. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे म्हणणे ऐकलेच गेले नाही, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकले नाही आणि सरकारला हरकती व सूचना मागवाव्या लागल्या. हणजूणच्या घटनेनंतर गोवा सरकारनेही पिटबुल आणि रॉटवायलर यांच्यावरील बंदीच्या दिशेने पावले टाकली.

या साऱ्यात मोठे चित्र नजरेआड होऊ नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात, त्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक वेळा कुत्रा असतो, आणि रेबीजने वर्षाला ५,७२६ जणांचा मृत्यू होतो. या ओझ्यात विदेशी जातींचा वाटा नगण्य आहे. पण भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मोठा आहे म्हणून पाळीव कुत्र्याच्या मालकाची जबाबदारी लहान होत नाही.

कायदे अजिबात नाहीत असेही नाही. पाळीव प्राण्याबाबत हलगर्जी करून माणसाच्या जिवाला धोका निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला नोंदणी बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. मुंबईसह अनेक महापालिकांत कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो. तरीही मोबाइलवर फोटो पाहून, पैसे पाठवून, सहा आठवड्यांचे ‘पिटबुल’ पिल्लू टोपलीतून घरी येते. ज्या शहराला आपल्या हद्दीत पाळीव कुत्रे किती आणि कोणाकडे आहेत हेच ठाऊक नाही, ते शहर बंदी तरी कशावर घालणार?

नोंदणी आणि मायक्रोचिप सक्तीची करणे, पिल्लांचा विनापरवाना बाजार बंद करणे, पहिल्या चाव्याची किंवा अंगावर धावून जाण्याची नोंद ठेवून त्याच मालकावर मुसके, निर्बीजीकरण आणि दंडाची पायरी चढवत नेणे, आणि मोठ्या ताकदीच्या कुत्र्यांसाठी विमा व वेगळा परवाना लावणे, हा मार्ग बंदीइतका झटपट नाही. पण तो कुत्र्याच्या मापांऐवजी मालकाच्या वागण्याकडे पाहतो. त्याचबरोबर बुल घराण्यातील कुत्र्याची ताकद वेगळी आहे, हेही तो नाकारत नाही.

पाळायचाच असेल तर

- पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्याशिवाय आणू नका. शक्य असेल तर त्याची आई पाहा. जन्मानंतरच्या तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसे, मुले, आवाज, वाहने यांची ओळख होण्याचा असतो. तो हुकला तर भीती राहते, आणि बहुतेक चावे भीतीपोटी असतात.
- मारून, कान पिळून, जमिनीवर दाबून ‘धाक’ बसवू नका. अशा पद्धतींनी कुत्रा उलट अंगावर येण्याची शक्यता वाढते. बक्षीस देऊन शिकवा.
- निर्बीजीकरण, लसीकरण, परवाना टाळू नका. बाहेर जाताना मजबूत पट्टा लावा आणि मुसक्याची सवय लहानपणापासून करा. दोरी अशाच्या हाती द्या, ज्याला तो कुत्रा ओढून नेऊ शकणार नाही.
- लहान मूल आणि कुत्रा, मग तो कुठल्याही जातीचा असो, एका खोलीत एकटे सोडू नका. अंग ताठ होणे, नजर रोखणे, तोंड फिरवणे, गुरगुरणे हे इशारे आहेत. गुरगुरण्याबद्दल शिक्षा केली तर पुढच्या वेळी तो इशारा न देता चावेल.
- चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, तिखट, चुना लावू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठून लशीचे सर्व डोस घ्या. रक्त आले असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. कुत्रा घरचा आहे, लस दिलेला आहे, म्हणून स्वतःच्या मनाने उपचार टाळू नका.

पिटबुल पाळणाऱ्याने शेजाऱ्याची भीती हसण्यावारी नेऊ नये. शेजाऱ्यानेही गेटमागचा प्रत्येक रुंद जबडा खुनी समजू नये. आणि महापालिकेने नव्या यादीची वाट न पाहता, आपल्या प्रभागातील पाळीव कुत्र्यांची मोजणी उद्यापासून सुरू करावी. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची गरज नाही.